चिताऱ्याने उघडलेले डोळे

फार पूर्वीची गोष्ट. गावाचा राजा होता की नुसता मोठा पाटील, हे आता नीटसे आठवत नाही. पण तिथे देवादिकांची चित्रे काढणारा एक म्हातारा चितारी होता, एवढे नक्की.

राजाने विचार करणारे एक यंत्र आणवले होते. नदी किती चढेल, बांधाचा दरवाजा कधी उघडायचा, ते चावडीत बसून सांगे. लोक मात्र त्याच्याशी हुज्जत घालत. "परवा चुकलास की! आज कशावरून?" यंत्रही म्हणे, "खरं आहे. एकदा बांधावर जाऊन बघून या."

राजा वैतागला. चिताऱ्याला म्हणाला, "बुवा, देवळाच्या भिंतीवर याला विश्वकर्म्याच्या मांडीवर बसवा. पुराणातलं आहे म्हटलं की लोक गप्प बसतील."

चिताऱ्यांची एक रीत होती. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. तोवर ते नुसते रंग. डोळे उघडले की देव. मग त्याला उलट विचारायचे नाही.

चिताऱ्याची बहीण बांधाखाली राहायची, त्याचे रंग वाटून द्यायची. ती म्हणाली, "दादा, त्या डब्याला डोळे नको काढूस. चुकला तर त्याला बोलायचं कुणी?"

"राजा रागावेल गं."

"रागावू दे. तुला काय जहागीर मिळणार होती?"

तिचे पटत होते. त्याने कुंचला खाली ठेवला. पण चित्र सुरेख उतरले होते आणि डोळ्यांवाचून आंधळे दिसत होते. त्याला राहवले नाही. त्याने दोन ठिपके दिले.

लोकांनी यंत्र चावडीतून उचलून टेकडीवरच्या देवळात, चित्राखाली आणले. हुज्जत थांबली, आरत्या सुरू झाल्या.

श्रावणात नदी फुगली. बहीण धावत देवळात आली. "दरवाजा उघडा! पाणी बांधाच्या काठाला लागलंय!"

"थांब बाई, देवाचा हुकूम होऊ दे," म्हणत लोकांनी झांजा वाढवल्या. चितारीही हात जोडून बसला होता. ती दावणीची वासरे सोडायला एकटीच परत गेली.

बांध फुटला. चिखलात तिचा रंग वाटायचा पाटा तेवढा सापडला.

चिताऱ्याने पुन्हा कुंचला धरला नाही. बऱ्याच वर्षांनी यंत्र घडवणारा कारागीर गावात आला. चिताऱ्याने भीत भीत विचारले, "त्या दिवशी ते गप्प का बसलं?"

कारागिराने यंत्राच्या आठवणी चाळल्या.

"गप्प कुठे? 'मला खात्री नाही, कुणीतरी बांधावर जाऊन बघा,' असं ते शेवटपर्यंत सांगत होतं. झांजांत कुणाला ऐकू गेलं नाही."

तात्पर्य इतकेच: ज्याला प्रश्न विचारायचे आपण सोडतो, त्याचे उत्तरही आपल्याला ऐकू येत नाही.