आचार्यांचे चुकलेले भाकीत

एकदा एका देशाचे सरकार नऊ मतांनी अपुरे होते, आणि तरीही ते चालले होते. एका लहान पक्षाने बाहेरून टेकू दिला होता, म्हणून पंतप्रधानांची खुर्ची शाबूत होती. ती किती दिवस? अहो, त्या देशात दुसरे बोलणेच नव्हते! चहाच्या टपरीपासून न्यायालयाच्या आवारापर्यंत जो तो तारखा सांगत सुटला होता. गेल्या पावसाळ्यात नदीकाठची सात गावे बुडाली होती. त्यांचा बांध अजून अर्धवट होता आणि नवा पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. त्याची चौकशी मात्र कोणी करीत नव्हते.

राजधानीत एक वृद्ध आचार्य राहत. अल्पमतातली पाच सरकारे केव्हा पडणार हे त्यांनी सांगितले होते आणि पाचही वेळा दिवस चुकला नव्हता. कोण कोणाकडे जेवायला गेला, कोण आजारपणाचे निमित्त करून घरी बसला, एवढ्यावरून ते अंदाज बांधत. सुधन्वा नावाचा शिष्य त्यांच्याकडे ही विद्या शिकत होता. तो त्याच नदीकाठचा. त्याची धाकटी बहीण गेल्या वर्षीच्या पुरात गेली होती.

एके सकाळी गुरुशिष्यांनी मिळून आडाखा बांधला. "अकरा दिवस," आचार्य म्हणाले. "बारावा काही उजाडत नाही." सुधन्व्याचेही उत्तर अकराच आले होते. त्याला आनंद मावेना.

दुपारी आचार्यांचे जाहीर व्याख्यान होते. टेकू देणाऱ्या पक्षाचे नेते पुढच्याच रांगेत बसले होते. कोणीतरी विचारलेच, "आचार्य, हे पंतप्रधान किती दिवस?"

"मुदत पुरी करतील," आचार्य म्हणाले. "चार वर्षे."

सुधन्वा थिजला. आपले गुरुजी, आणि भरसभेत धडधडीत खोटे! पुढच्या रांगेतले नेते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. पडणाऱ्या सरकारबरोबर आपण का बुडावे, म्हणून पाठिंबा काढण्याचा त्यांचा बेत होता. सरकार टिकणारच असेल तर बाहेर पडून मिळवायचे काय? त्यांनी बेत रहित केला.

सरकार दोन महिने टिकले आणि मग कोसळले. सारा देश आचार्यांना हसला. वर्तमानपत्रांनी त्यांची व्यंगचित्रे छापली, व्याख्यानांची निमंत्रणे बंद झाली.

सुधन्व्याला राहवेना. "गुरुजी, तुम्ही मला अकरा म्हणाला होतात! मी जाऊन सांगतो सगळ्यांना. पण आधी मला सांगा, खोटं का बोललात? माझा तर विश्वासच उडालाय."

आचार्य म्हणाले, "मागच्या सरकारला मी चाळीस दिवस दिले होते. चाळिसाव्या दिवशी ते पडलं आणि लोकांनी मला हार घातले. बांध तेव्हा निम्मा झाला होता. सरकारच नाही म्हटल्यावर पुढची मंजुरी कोण देणार? काम थांबलं. पुढे काय झालं ते तुला मी सांगायला नको. ते सरकार पडणारच होतं, की मी म्हणालो म्हणून पडलं? बाळा, मला अजूनही कळलेलं नाही. या वेळी बांधाला दोन महिने हवे होते. सरकार पडायच्या चार दिवस आधी तो पुरा झाला. लोक मला हसतात ना? हसू देत."

त्या चाळिसाव्या दिवशी आचार्यांना पहिला हार सुधन्व्यानेच घातला होता.

पुढे नवे सरकार आले, तेही अल्पमतातले. आता लोक सुधन्व्याकडे येऊ लागले. "हे किती दिवस टिकतील हो?"

सुधन्व्याचा अंदाज तयार होता. तो ओठांवर आलेला आकडा त्याने गिळला आणि विचारले, "तुमच्या भागात कुठलं काम अर्धवट राहिलंय?"