पोकळ चिंबोऱ्या

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथल्या बाजारात चांगुणा कोळीण चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, विकायची. चिंबोरी हातात घेतली की ती भरलेली आहे की पोकळ, हे तिला वजनावरूनच कळे.

पौर्णिमा जवळ आली होती. या दिवसांत चिंबोरीत मांस कमी भरतं. त्या सकाळी पाटीतल्या दोनच चिंबोऱ्या भरलेल्या होत्या. त्या तिने खाणावळवाल्यासाठी बाजूला ठेवल्या. तो प्रत्येक चिंबोरीचं पोट दाबून बघायचा आणि पोकळ निघाली तर चारचौघांत बोलायचा.

तेवढ्यात द्वारकाकाकू आल्या. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. म्हणाल्या, "चांगुणा, आमचे तात्या तापातून उठलेत. महिनाभर अन्नावर वासना नव्हती. आज आपणहून म्हणाले, चिंबोरीचा रस्सा कर. तू देशील त्या दोन दे."

चांगुणाने दोन पोकळ चिंबोऱ्या बांधून दिल्या. काकू तिला आशीर्वाद देत घरी गेल्या.

दुपारी ती त्यांच्या घरावरून चालली होती. काकूंनी ओट्यावरून हाक मारली, "ये, दोन घास खाऊन जा." तिला नाही म्हणवेना.

आत तात्या पाटावर बसले होते. त्यांनी एक नांगी फोडली. आतून नुसतं पाणी आलं. दुसरी फोडली, तेच. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

काकू ओशाळल्या. "माझंच चुकलं. जास्त शिजवल्या असतील. आता हाताला पूर्वीसारखं जमत नाही. चांगुणा, तू वाईट वाटून घेऊ नकोस हो."

चांगुणाचे कान तापले. घास हातातच राहिला. ती गप्प बसली असती तर कुणालाच काही कळलं नसतं.

"काकू, तुमचा हात चुकला नाही," ती खाली बघत म्हणाली. "मी पोकळ दिल्या. मला ठाऊक होतं."

मग तात्यांनी विचारलं, "आम्हालाच का?"

"तुम्ही दाबून बघत नाही म्हणून."

स्वतःचंच उत्तर तिला ऐकवेना. ती तशीच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी खाणावळवाल्याला नकार देऊन ती दोन भरलेल्या चिंबोऱ्या घेऊन काकूंच्या दारात उभी राहिली. काकूंनी त्या घेतल्या. रस्सा केला. मग म्हणाल्या, "आता तूच वाढ त्यांना."

तात्या पोटभर जेवले. चांगुणा वाढत राहिली, पण तिची मान एकदाही वर झाली नाही.

तात्पर्य: पारखून घेणाऱ्याशी आपण भीतीपोटीही नीट वागतो, विश्वासाने घेणाऱ्याशी नीट वागणं हाच खरा प्रामाणिकपणा.