पालथी ढेप

विश्वास कुणावर ठेवाल, सांगा बरं? गोड बोलणाऱ्यावर, की कमी बोलणाऱ्यावर?

घाईनं उत्तर देऊ नका. गुळाच्या बाजारात माझी हयात गेली, आणि मी दोघांकडूनही फसलो आहे.

म्हणून गुऱ्हाळवाल्याच्या पोरानं, विरूपाक्षनं, जेव्हा अय्यांना विचारलं, "लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवावा, म्हणून बोलायचं कसं?" तेव्हा मीही कान देऊन बसलो.

अय्या म्हणजे आमच्याकडच्या, हिरण्यकेशीच्या काठच्या मठातले म्हातारे जंगमस्वामी. बोलणं बेताचं. गावात बांधावरून भांडण पेटलं, की सगळ्यांचं ओरडून होईपर्यंत गप्प बसायचे. मग एक वाक्य बोलायचे, आणि माणसं आपापल्या चपला शोधायला लागायची.

विरूपाक्षचं याच्या उलट. शिकलेला पोरगा, जिभेला लगाम नाही. गूळ मात्र मन लावून करायचा. रसावरची मळी भेंडीच्या पाण्यानं काढायची, रंगासाठीची पांढरी पावडर घालायची नाही, असा त्याचा हट्ट. गूळ चवीला एक नंबर, पण रंगानं काळपट. आणि बाजाराला हवा पिवळाधमक.

वडिलांनी सांगून टाकलं होतं की यंदा कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर काहील भंगारात. काहील म्हणजे रस आटवायची ती भली मोठी कढई. ती गेली की गुऱ्हाळ गेलं.

एकच आशा उरली होती. पुण्यात लाडू आणि चिक्की करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यानं त्याला खरेदीच्या बैठकीला बोलावलं होतं. ओळख माझी, म्हणून बरोबर मीही जाणार होतो. आरशासमोर त्यानं इतकी तालीम केली होती, की गोठ्यातल्या म्हशीलाही ते भाषण पाठ झालं असेल.

हंगामातली पहिली ढेप मठात द्यायची आमच्याकडे रीत आहे. विरूपाक्षनं ती अय्यांपुढच्या ताटात ठेवली, देखणी बाजू वर करून. म्हणाला, "तिथं बोलणार तेच बोलून दाखवतो. चुकलं तर सांगा."

बोलला. छान बोलला. आजोबांपासून सुरुवात केली, मातीवर आला, आरोग्यावर गेला, शेवटी आवाज जरा खाली घेतला. मी गूळ विकणारा माणूस, पण मलाच दोन ढेपा घ्याव्याशा वाटल्या.

अय्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला आणि ढेप पालथी केली.

परतीच्या पावसाची दमट हवा होती. खालून ढेप मऊ पडलेली, ओलसर, कागदाचा तुकडा चिकटलेला.

विरूपाक्षनं हसून ती सरळ केली.

अय्यांनी पुन्हा पालथी केली.

...

"हे कोण सांगणार?" अय्या म्हणाले.

"ते विचारणारच नाहीत, अय्या."

"मी कोण विचारणार ते नाही विचारलं."

विरूपाक्ष माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो. आमच्या सौद्यात कोणतीही ढेप घेण्याआधी व्यापारी ती उलथून तळ बघतो, हे मी त्याला काय सांगणार? आणि तरीही प्रत्येक विकणारा ती देखण्या बाजूनंच मांडतो, हेही त्याला ठाऊक होतं.

"आपणच आपलं वाईट सांगायचं, तर तिथवर जायचं कशाला?" त्याच्या आवाजाला आता धार आली होती.

"जाऊ नकोस."

...

"भीती कशाची वाटते तुला?" अय्यांनी विचारलं.

"बोलताना अडखळेन, याची."

अय्यांनी ढेपेच्या ओल्या तळावर बोट टेकवलं.

विरूपाक्षनं मान खाली घातली. "कुणीतरी ढेप पालथी करेल, याची."

"मग पालथीच ने."

पुण्याला जाताना पोरगा गाडीत चकार शब्द बोलला नाही. मला वाटलं, अय्यांनी याची जीभ काढून घेतली, आता संपलं.

बैठकीत पाच-सहा जण होते. खरेदीच्या प्रमुख रेगेबाई मधोमध बसलेल्या. चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर सकाळपासून ऐकून ऐकून आलेला कंटाळा. विरूपाक्षनं पडद्यावर दाखवायची चित्रं आणली होती. ती पिशवीतच राहिली. त्यानं डबा उघडला, ढेप बाहेर काढली. टेबलावर ठेवताना त्याचा हात क्षणभर थांबला.

मग त्यानं ती पालथी ठेवली.

भाषण विसरला तो. अडखळत, साध्या शब्दांत सांगत गेला. पावसाळ्यात या गुळाला पाणी सुटतं, त्या दिवसांत माझ्याकडून माल घेऊ नका. रंग काळपट आहे, तुमचा लाडू काळा दिसेल. पिवळा करून मागाल तर मला जमणार नाही. मग गूळ कसा करतो ते सांगितलं आणि थांबला.

माझ्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचा टेम्पो आला.

रेगेबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि सावकाश म्हणाल्या, "सकाळपासून आलेल्या सगळ्या ढेपा आम्हीच पालथ्या केल्या. तुमची तेवढी करावी लागली नाही."

वर्षभराचं काम नाही मिळालं. हिवाळ्यातल्या मालाचं मिळालं. पण गुऱ्हाळ चालायला तेवढं पुरेसं होतं.

बाहेर येऊन त्यानं वडिलांना फोन लावला. पलीकडून म्हातारा म्हणाला की काहील घासायला काढतो. एवढंच. विरूपाक्षनं फोन खिशात टाकला, फुटपाथच्या कठड्यावर बसला आणि एका दमात माझ्याही वाटणीचा वडापाव खाऊन टाकला. परतीच्या वाटेवर असा घोरला, की ड्रायव्हरनं गाणी बंद केली. मीही कितीतरी दिवसांनी पाय सैल सोडून बसलो.

दुसऱ्या दिवशी मठात गेलो. विरूपाक्षनं नवी ढेप आणली होती. मोठ्या ऐटीत ताटात ठेवली, पालथी.

"अय्या, युक्ती कळली," म्हणाला. चेहरा फुललेला, जीभ परत जागेवर. "बैठकीत सुरुवातच मालातल्या खोटीनं करायची. एखादी लहानशी, चालून जाईल अशी खोट आपणच आधी सांगून टाकायची. माणसं लगेच विरघळतात. हे मल्लूशेट होते तिथं, त्यांना विचारा."

मी मान डोलावली. खरं सांगतो, माझ्याही मनात तोच बेत शिजत होता.

अय्यांनी हात पुढे केला. पालथी ढेप उचलली आणि सरळ केली.

देखण्या बाजूवर, हातभर लांबूनही दिसावा असा, राखेचा पट्टा उमटलेला होता. काहिलीखालच्या चुलवणातली राख रसात उडाली असणार.

विरूपाक्षला तो पट्टा ठाऊक होता. त्याच्या लाल झालेल्या कानांवरून मला कळलं.

...

आधी अय्यांच्या मिशा हलल्या. मग पोट. मग मलाही आवरेना, आणि शेवटी विरूपाक्षही तोंड लपवून हसायला लागला. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याचं हसणं मोकळं झालं.

अय्यांनी राखेच्या बाजूचाच तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून विरघळू दिला.

"गोड आहे," म्हणाले. "दोन्ही बाजूंचा हिशोब तेवढा खरा ठेव, बाळा."