नव्या बायकोचा विमा

एका गावात एक भोळा गवळी होता. नाव गुणाजी. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी, आणि तीच सगळी पंचाईत होती.

त्याची बायको शेवंता पोटातल्या खड्यांनी हैराण झाली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. गावच्या दूध संघाचा आरोग्य विमा होता, पण त्यात नावं घेत ती फक्त चैत्रात. शेवंता म्हणाली, "अहो, आज शेवटचा दिवस आहे. रांग असेल. कुणाशी भांडू नका, गुपचूप शेवटी उभे राहा."

गुणाजी शेवटी उभा राहिला. मागून कुणी आलं की त्याला पुढे करी आणि आपण पुन्हा शेवटी. खिडकी बंद झाली तेव्हाही तो शेवटीच होता.

दुसऱ्या दिवशी संघाचे कारकून देशमाने म्हणाले, "मुदत संपली, गुणाजीराव. आता घरात काही बदल झाला असेल, तरच मधे नाव घेता येतं."

गुणाजीने घरी जाऊन चूल ओसरीवर मांडली आणि खाट स्वयंपाकघरात नेली. "केला बदल, साहेब."

"अहो, सामानात नाही. घरात नवीन माणूस यायला पाहिजे."

पारावर एक कल्हईवाला बसला होता. गुणाजीने त्याला घरी आणलं, जेवू घातलं, खाट दिली आणि सकाळी संघात नेऊन उभं केलं. "हा नवीन माणूस."

देशमान्यांनी कपाळाला हात लावला. "असा कुणीही चालत नाही हो. लग्न होऊन आलेली नवी बायको पाहिजे. लग्नाचा फोटो पाहिजे."

एवढंच ना? गुणाजीने भटजी बोलावले, शेवंताला मुंडावळ्या बांधल्या आणि तिच्याशीच पुन्हा लग्न लावलं. कळा सोसत ती बोहल्यावर उभी राहिली. बिचारी दुसरं करणार काय.

देशमान्यांनी फोटो पाहिला. नवरीने एका हातात हार धरला होता आणि दुसऱ्याने पोट. त्यांना गलबलून आलं. त्यांनी मुकाट्याने तिचं नाव लिहून घेतलं, कार्ड दिलं. "एक लक्षात ठेवा. हा विमा फक्त नव्या बायकोचा आहे. कुणी विचारलं तर तेवढंच सांगायचं."

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "विमा यांचाच ना?"

"छे, विमा नव्या बायकोचा. ही तर जुनी."

नर्सबाईंनी कार्डावरचं नाव पाहिलं आणि शेवंताला आत नेलं. गुणाजीला वाटलं, विमा एकीचा आणि ऑपरेशन दुसरीचं, खर्च कोण देणार? तो नवीला आणायला घरी धावला. घरी कुणीच नव्हतं. नवी नवरी घरी नाही म्हणजे माहेरी गेली असणार. त्याने थेट सासुरवाडी गाठली.

सासरे अंगणात वैरण कापत होते. "शेवंता कशी आहे, जावईबापू?"

"तिला दवाखान्यात टाकलंय, मामा. मी नव्या बायकोला न्यायला आलोय."

सासऱ्यांनी विळा खाली ठेवला आणि काठी उचलली.

शेवंताचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, सगळा खर्च विम्यातून भागला. शेजारच्या वॉर्डात गुणाजी पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. त्याचं नाव कुठल्याच विम्यात नव्हतं. देशमाने भेटायला आले, तेव्हा त्याने काळजीने विचारलं, "साहेब, माझं नाव घालायला आता मी कुणाशी लग्न करू?"

सासरे अजून काठी घेऊन दाराशीच बसले होते.