वाटीभर मळकी वाळू

"चूक कोणाची, तेवढंच सांगा चाचा. माझी की त्या दुकानदाराची?"

डॉक्टर हेरंब लवाटे दारातूनच कडाडले. हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत बोटभर लांबीचा एक मासा, आडवा पडलेला.

दाऊदचाचांनी पिशवी घेतली, उजेडाकडे धरली. मग ती आपल्या टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि तिचं तोंड उघडलं.

दाऊदचाचा होडेकर म्हणजे आमच्या बंदरावरच्या मत्स्यालयात तीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी पडवीत एकच टाकी ठेवली. ती बघायला आणि शिकायला लोक लांबलांबून येतात. हे लवाटे सांगलीचे, दातांचे डॉक्टर. मी इथलाच, चाचांचा जुना शागीर्द. त्या दुपारी त्यांचा बिघडलेला पंप उघडून बसलो होतो. नसतो बसलो तर बरं झालं असतं, कारण पुढचं ऐकून माझं डोकंच फिरलं.

"मी काय विचारतोय चाचा? चूक कोणाची?"

मासा या पाण्याला सरावावा म्हणून चाचांनी आपल्या टाकीतलं अर्धा पेला पाणी पिशवीत ओतलं.

"काय केलंत?"

"करायला हवं तेच केलं! टाकीतली वाळू बघवत नव्हती. करडी, मळकट, वर तपकिरी साय धरलेली. समोर पेशंट बसतात माझे! म्हणून बदलली. दुकानातली सगळ्यात महागडी आणली. शिंपल्यांची, जाड दाण्याची, पांढरीशुभ्र."

"किती बदललीत?"

"सगळी."

"किती दिवसांत?"

"दिवसांत? एका रविवारी! नऊला हात घातला, बाराला टाकी चकाचक."

आणखी अर्धा पेला.

"नवी धुतलीत?"

"नुसती धुतली? अहो, अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्रात घातली. वाफेवर. माझ्या दवाखान्यात एक जंतू सापडायचा नाही."

"हं... दिसतंय ते."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला.

"थट्टा करू नका. आठ दिवसांत दोन मासे गेले माझे. आणि हा..."

त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

"सहा वर्षं आहे माझ्याकडे. आम्ही कुंभकर्ण म्हणतो त्याला. दिवस मावळला की वाळूत बुडी मारायचा, तो थेट सकाळी वर. वाळू बदलल्यापासून रोज तिच्यात शिरायला जातो आणि परत फिरतो. पोट बघा, खरचटलंय सगळं. झोपच नाही त्याला. त्या दुकानदाराला मी सोडणार नाही!"

"एक दात किडला म्हणून कोणी आलं, तर तुम्ही अख्खी बत्तिशी उपटता?"

"दाताला मुळं असतात चाचा. वाळूत काय जीव असतो?"

चाचांनी पेला खाली ठेवला.

...

"पहिल्या दिवशी एक वाटी दिली होती तुम्हाला," चाचा म्हणाले.

हा चाचांचा रिवाज आहे. शिकायला येईल त्याला ते आपल्या टाकीतली वाटीभर ओली वाळू देतात. नव्या टाकीत ती पसरायची. डोळ्यांना न दिसणारे जीव असतात तिच्यात, माशांची घाण तेच पचवतात, त्यांच्यावरच टाकी चालते. चाचांना ती त्यांच्या उस्तादांनी दिली होती. सात वर्षांपूर्वी चाचांची टाकी फुटली, तेव्हा मला दिलेल्या वाळूतली वाटीभर घेऊन मीच धावत आलो होतो. हे सगळं डॉक्टरांना सांगितलेलं होतं. माझ्यासमोर. तेव्हा मान डोलावत होते हे गृहस्थ!

"ती वाळू कुठंय?"

"तीही गेली बाकीच्या वाळूबरोबर."

"कुठे गेली?"

"गटारात."

मी हातातला पाना फरशीवर आपटला.

"गटारात? अहो, शिकलेसवरलेले ना तुम्ही? उस्तादांची वाळू गटारात ओतताना काहीच वाटलं नाही? आणि वर तोंड करून विचारताय चूक कोणाची!"

"भालू, पंप बघ," चाचा म्हणाले.

मी खाली बसलो. पण अंगाचा तिळपापड झाला होता, तो काही थांबेना.

चाचांनी आणखी तीन-चारदा पिशवीत पाणी ओतलं. घाई नाही की काही नाही. मग अलगद हाताने मासा टाकीत सोडला.

क्षणभर तो तसाच थरथरत राहिला. मग खाली वळला, करड्या बारीक वाळूत तोंड खुपसलं, शेपटी हलवली. धुरळा उडाला. बसला. मासा कुठेच नव्हता.

"झोपला..." डॉक्टर पुटपुटले. काचेला कपाळ टेकवून ते कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, हे मी पाहिलं. माझा राग जरा उतरला.

आणि तेवढ्यात ते ताठ झाले.

"म्हणजे बारीक वाळू हवी होती. मग सोपं आहे. येत्या रविवारी ही जाड सगळी काढून टाकतो आणि..."

"सगळी?"

डॉक्टरांनी जीभ चावली. "थोडी थोडी काढतो."

चाचांनी कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि मासा झोपला होता त्याच्या दुसऱ्या टोकाची वाटीभर वाळू काढली. करडी, काळ्या ठिपक्यांची. तिच्यात केसाएवढा एक किडा वळवळत होता. वाटी त्यांनी डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टरांनी खिशातून रबरी हातमोजे काढले. चढवले. वाटी घेतली, किडा पाहिला, नाक मुरडलं... आणि सरळ मोरीकडे चालू लागले.

सवयीनेच. नळाखाली वाटी धरली आणि दुसरा हात तोटीवर ठेवला.

मी ताडकन उठलो. चाचांनी हात वर केला. मला थांबवलं, डॉक्टरांना नाही.

...

तोटी फिरली नाही.

डॉक्टर तसेच उभे. मग त्यांनी वाटी मोरीच्या काठावर ठेवली, एक मोजा काढला, दुसरा काढला. उघडं बोट वाळूत घातलं. नाकाशी नेलं.

"समुद्राचा वास येतोय," ते म्हणाले.

मग ते चाचांकडे वळले.

"चाचा, चूक माझी आहे."

चाचांनी माझ्या हातातला पंप घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला.

डॉक्टर वाटी दोन्ही हातांत धरून दारापर्यंत गेले. तिथून वळले. टाकीच्या तळाशी कुठे काही हलतंय का, ते बघत होते.

"कुंभकर्णाला न्यायला कधी येऊ?"

चाचांनी टाकीवर झाकण ठेवलं.

"तुमची वाळू मळली, की या."