फेट्याचा शेवटचा वेढा

एका गावात एक हलवाई होता. त्याच्या जिलबीसाठी वाटसरू वाट वाकडी करून येत. त्याचा जीव मात्र शेजारच्या शिंप्यावर होता.

एका सकाळी शिंप्याची शेळी दावं तोडून माळीणबाईंच्या मेथीत शिरली आणि अख्खा वाफा फस्त करून गेली. हलवायानं ते पाहिलं. मित्राची अब्रू जाईल म्हणून त्यानं दुकानातला खराटा आणला, खुरांचे ठसे झाडून टाकले आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात घरी जाऊन ताक प्यायला.

झालं भलतंच. ठसे नाहीत म्हटल्यावर आळ आला कुंभाराच्या गाढवावर. ते बिचारं आधीच बदनाम! आता त्याची रवानगी कोंडवाड्यात होणार, मग कुंभाराची मडकी बाजारात जाणार कशी?

चावडी भरली. त्या गावची एक रीत होती. तक्रार ऐकताना पाटील फेटा सोडून मांडीवर ठेवत आणि निकालाआधी पुन्हा बांधत. न्यायात कुणी आडकाठी घातली असेल, तर फेटा बांधून होईपर्यंत त्यानं कबूल करायचं, म्हणजे शिक्षा हलकी. एकदा फेटा बसला की वर्षभर त्याचा धंदा बंद.

"पाटील, माझं गाढव सकाळभर दारातच होतं हो," कुंभार रडकुंडीला आला.

"साक्षीदार?"

"गाढवाला कोण साक्षीदार मिळणार?"

लोक हसले. हलवाई हसला नाही.

पाटील फेटा बांधू लागले. एकेक वेढा चढत गेला, तसा हलवायाला घाम फुटला. बोलावं तर मित्र अडकतो आणि आपणही. न बोलावं तर त्या गरिबाच्या पोटावर पाय येतो. शेवटचा वेढा उरला, तेव्हा पाटील पुटपुटले, "छे, नीट बसला नाही," आणि त्यांनी अर्धा फेटा पुन्हा सोडला.

हलवाई ताडकन उठला. "पाटील, शेळी होती! ठसे मी झाडले!"

शिंप्यानं कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, मला सांगायचंस ना! मीच बाईंची भरपाई केली असती."

निकाल लागला. शिंप्यानं वाफा पुन्हा पेरून द्यायचा. हलवायानं वर्षभर दर सुनावणीआधी त्याच खराट्यानं चावडी झाडायची आणि आत्ताच्या आत्ता गाढवाची माफी मागायची. हलवायानं हात जोडले. गाढवानं त्याच्या उपरण्याचं टोक चावून पाहिलं. गोड लागलं असावं, कारण मग त्यानं ते सोडलंच नाही.

लोक पांगल्यावर कुंभारानं विचारलं, "पाटील, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"मेथीच्या वाफ्यात मुंग्यांची रांग कधी पाहिलीस? साखर लागलेला खराटा गावात एकाकडेच आहे. तुझं गाढव सुटणारच होतं."

"मग हलवायाला आधीच का नाही पकडलंत?"

"पकडला असता तर वर्षभर दुकान बंद," पाटील हसले. "म्हटलं, आपणहून उठतो का पाहू. जिलबीवाचून गाव राहील कसं?"

तर बाळांनो, तात्पर्य एवढंच: मित्राची चूक झाडून टाकली, की ती दुसऱ्याच्या दारात जाऊन पडते, म्हणून खराटा उचलण्याआधी तोंड उघडावं.