कुशंकाची सही

एका राज्यात राजा होता मणिध्वज, त्याची कन्या होती वेत्रवती आणि राज्याच्या दुर्दैवाने एक चित्रकार होता, कुशंक. कुशंकाचा हात चपळ, पण डोकं हाताच्या मागून दोन कोस येई. हा गृहस्थ आधी कागदाच्या तळाशी ऐसपैस सही करी, मग उरलेल्या जागेत चित्र कोंबी. कोळशाने आखणी करणं नवशिक्यांचं काम, असं वर ऐकवी. त्याच्या बढाईला कंटाळून बाकीचे चित्रकार केव्हाच परराज्यात गेले होते.

एकदा राजाने एका मांत्रिकाला दारातून हाकललं. मांत्रिकाने रागाने राजकन्येचा चेहरा पाटीसारखा पुसून टाकला आणि तीन कागद व एक दौत ठेवून तो निघून गेला. या शाईने काढाल तो चेहरा तिला येईल, तिसऱ्या कागदावरचा मात्र कायमचा राहील, असा शाप होता.

राजाने नाइलाजाने कुशंकाला बोलावलं. पहिल्या कागदावर त्याने सही ठोकली आणि ओघात नाक काढलं. नाक असं झोकात आलं की तोंडाला जागाच उरली नाही. राजकन्येच्या हनुवटीवर 'कुशंक' हे नाव तेवढं ठसठशीत उमटलं. बिचारी दोन दिवस उपाशी राहिली.

दुसऱ्या कागदावरही आधी सहीच. मग तोंड काढलं, पण बाही ओल्या रेघेवरून फिरली आणि राजकन्येचा डावा डोळा फरफटला. कुशंक म्हणाला, कागदच खरबरीत आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," राजकन्येची साळुंकी पिंजऱ्यातून म्हणाली.

राजकन्येला आता तोंड होतं. ती शांतपणे म्हणाली, "कुशंका, जिथे तुझं नाव आहे, तिथे माझा तीळ होता. तू विचारलं नाहीस."

कुशंकाला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली. त्याने तिघांना विचारलं. राजा 'सुंदर होती' एवढंच म्हणून रडू लागला, त्याचा काही उपयोग झाला नाही. दाईने बोटांच्या मापाने कपाळ, नाक, ओठ सांगितले. उरलेलं राजकन्येने सांगितलं. मग कुशंकाने तिसऱ्या कागदावर कोळशाने हलकी आखणी केली, तीनदा पुसली, तीनदा काढली. बाही कोपराच्या वर बांधली. एक रेघ वाळल्यावरच दुसरी ओढली. साळुंकी दर रेघेला "सावकाश" म्हणत राहिली आणि त्याने एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

शेवटी दौतीत एक थेंब उरला. सवयीने हात कागदाच्या तळाशी गेला.

"सही की तीळ?" साळुंकीने विचारलं.

कुशंक थांबला. मग त्याने तो थेंब हनुवटीवर ठेवला.

दौत तडकली, शाप फिटला. राजकन्येने आरसा घेतला, तिळावर बोट ठेवलं आणि ती रडली. त्या चित्रावर आजही कुणाचं नाव नाही, पण ते कुणी काढलं हे राज्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. जसा राजकन्येचा तीळ तिला मिळाला, तसं ज्याचं त्याला मिळो.